आधी अनाथ मुलं, मग म्हातारी माणसं: ल्यूथरन सेवासंस्थांची पार्श्वभूमी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, मिनेसोटा, इलिनॉय अशा राज्यांत राहिलेल्यांना ल्यूथरन (म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणारा ख्रिस्ती पंथ) हे नाव चर्चबाहेरही बऱ्याच पाट्यांवर दिसलेलं असतं. वृद्धांच्या निवासावर असतं, दत्तक एजन्सीवर असतं, काउन्सेलिंग सेंटरवर असतं, आणि नवख्या माणसाला कळत नाही की म्हातारी माणसं, अडचणीत सापडलेली वयात येणारी पोरं आणि घडी विस्कटलेली कुटुंबं हे सगळं एकाच संस्थेकडे आलं कसं. पेनसिल्व्हेनियातली डायकॉन ही सेवासंस्था घ्या. २००० साली ट्रेसलर ल्यूथरन सर्व्हिसेस आणि ल्यूथरन सर्व्हिसेस नॉर्थईस्ट या दोन संस्था एकत्र आल्या आणि ती झाली, म्हणजे नाव तसं नवीनच, पण मुळं १८६८ पर्यंत जातात, आणि धागा धरून मागे गेलं तर थेट १६९५ च्या जर्मनीत. मला जे दिसतं ते असं की हे तीन विभाग नंतर कुणी प्लॅन करून जोडलेले नाहीत, बहुतेक ठिकाणी सगळं एका अनाथालयातूनच फुटत गेलं, आणि दारातून आत कुणाला घ्यायचं हे श्रद्धेइतकंच सरकारी पैशानेही ठरवलं.

यामागच्या विचाराची सुरुवात अर्थातच त्याही आधीची, सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरपासून. त्याच्या आधी भिकाऱ्याला दान दिलं की देणाऱ्याला पुण्य असा सरळ हिशोब होता, ल्यूथरने तो मोडला, म्हणाला तारण अशा पुण्याने विकत मिळत नाही, पण मग गरिबाकडे बघणार कोण, तर सगळं गाव मिळून. १५२३ मध्ये जर्मनीतल्या लाइस्निग नावाच्या छोट्या गावाने यासाठी सामाईक पेटीचा कायदाच केला. पेटीला चार कुलपं, आणि चार किल्ल्या चार वेगळ्या गटांकडे: सरदार मंडळी, नगर परिषद, शहरातले नागरिक आणि आसपासचे शेतकरी. चौघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. त्या पैशातून अनाथ मुलं, म्हातारे आणि आजारी यांची सोय करायची, शिवाय हात अडकलेल्या कारागिरांना उधार द्यायचं. म्हणजे वृद्ध, मुलं आणि अडचणीतलं कुटुंब तिघंही तेव्हाच एका पेटीत आले होते. (चार किल्ल्यांची गोष्ट मला फार आवडते, विश्वासाच्या जोडीला हिशोबाचीही काळजी घेतलेली दिसते.)

पुढचा मोठा टप्पा म्हणजे जर्मनीतलं हाले शहर. शेजारच्या ग्लाउखा वस्तीत आउगुस्ट हेरमान फ्रांके हा पाद्री होता, १६९५ मध्ये त्याच्या दानपेटीत एकदम चार थालर आणि सोळा ग्रोशन (तेव्हाची नाणी) निघाले आणि एवढ्यावर त्याने गरीब मुलांची शाळा काढली. तीन वर्षांत मोठ्या अनाथालयाचा पाया घातला गेला, जोडीला औषधांचं दुकान, छापखाना, पुस्तकविक्री, कारण फ्रांकेला माहीत होतं की नुसत्या देणग्यांवर रोजची चूल चालत नाही. १७२७ मध्ये तो वारला तेव्हा त्या शाळांमध्ये दोन हजारांवर मुलं शिकत होती. इथून माणसं जगभर गेली. त्सीगेनबाल्ग हालेत शिकून १७०६ मध्ये आपल्याकडे तरंगमबाडीला आला, बोल्त्सिउस जॉर्जियात गेला आणि साल्झबुर्गमधून धर्मापायी हाकललेल्या निर्वासितांसाठी त्याने एबेनेझर गावात १७३८ च्या सुमारास हालेच्या धर्तीवर अनाथालय सुरू केलं, आणि म्यूलनबेर्ग १७४२ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोचला, अमेरिकेतल्या ल्यूथरन चर्चची घडी त्यानेच बसवली.

इथे एक आपल्या घरचा धागा आहे तो सांगतोच. हालेत शिकत असताना फ्रांकेच्या अनाथालयाच्या आवारात काही काळ राहिलेला एक तरुण म्हणजे जॉर्ज म्युलर. त्याने पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला १८३६ मध्ये अनाथगृह उभं केलं, कुणाकडे हात न पसरता निव्वळ प्रार्थनेवर, आणि त्याचं चरित्र वाचून बळ मिळालं ते आपल्या पंडिता रमाबाईंना, केडगावच्या मुक्ती मिशनमागे ती प्रेरणा होती. रमाबाई ल्यूथरन नव्हत्या, म्युलरही नंतर त्या पंथात राहिला नाही, पण हालेच्या त्या अंगणातून एक वाट पेनसिल्व्हेनियाला गेली आणि एक दौंडजवळच्या केडगावला, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कारखाने आले, शहरं फुगली आणि जुनी गावकीची व्यवस्था पुरेनाशी झाली. हॅम्बुर्गजवळ योहान व्हिखर्न नावाच्या धर्मशास्त्र शिकलेल्या तरुणाने १८३३ मध्ये राउहेस हाउस नावाचा आश्रम सुरू केला, रस्त्यावर वाढलेल्या पोरांसाठी. तिथे शंभर मुलं एका हॉलमध्ये कोंबायची पद्धत नव्हती, दहाबारा मुलांचं एकेक घर आणि प्रत्येक घराला एक तरुण 'भाऊ'. आजची ग्रुप होम बघितली की हेच आठवतं. नाताळ कधी येणार म्हणून मुलं सारखी विचारायची, तर व्हिखर्नने १८३९ मध्ये गाडीच्या लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. अॅडव्हेंट म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, त्या दिवसांत आज ख्रिस्ती घरांत दिसणारं मेणबत्त्यांचं चक्र ते हेच, निघालं मुलांच्या या आश्रमातून.

आणि त्याच वर्षी, १८३३ मध्येच, ऱ्हाइनकाठच्या कैसर्सवेर्थमध्ये थिओडोर फ्लीडनर नावाच्या पाद्र्याने तुरुंगातून सुटलेल्या एका बाईला आपल्या बागेतल्या छोट्याशा खोलीत आसरा दिला. या माणसाच्या गावातली कापडाची गिरणी बुडाली होती, लोकवस्तीच मोडकळीला आलेली, म्हणून तो हॉलंड-इंग्लंडमध्ये वर्गणी मागत फिरला आणि तिथे तुरुंगातल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्रायचं काम बघून आला. १८३६ मध्ये फ्लीडनर आणि त्याची बायको फ्रीडेरिके यांनी हॉस्पिटल काढलं आणि त्यासोबत डीकनेस म्हणजे सेविकांचं ट्रेनिंग. अविवाहित बायका, साधा निळा पोशाख, पगार नाही, पण राहणं-खाणं, शिक्षण, आणि आजारपणात, म्हातारपणात सांभाळायची हमी. त्या काळात बिनलग्नाच्या बाईला घराबाहेर सन्मानाचं काम मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती! फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे जवळपास तीन महिने शिकून गेली.

हे मॉडेल अमेरिकेत आणलं विल्यम पॅसव्हंटने. पेनसिल्व्हेनियातल्या झेलिएनोपलचा हा पाद्री १८४६ मध्ये युरोपला गेला, कैसर्सवेर्थ बघितलं आणि परत येऊन १८४९ च्या सुरुवातीला पिट्सबर्ग भागात हॉस्पिटल उघडलं. जुलैमध्ये खुद्द फ्लीडनर चार डीकनेस घेऊन बोटीने आला. पॅसव्हंटने मग मिलवॉकीला हॉस्पिटल काढलं, शिकागोला काढलं, झेलिएनोपल आणि रॉचेस्टरला अनाथ मुलांची घरं, १८६६ मध्ये न्यूयॉर्कजवळ माउंट व्हर्ननला वार्टबर्ग फार्म स्कूल. एवढं सगळं केलं पण डीकनेसचं रोप काही अमेरिकेत हवं तसं धरलं नाही. पुढे फिलाडेल्फिया, ओमाहा, मिलवॉकी अशा ठिकाणी मदरहाउस म्हणजे डीकनेसच्या राहण्या-शिकण्याची केंद्रं झाली तरी संख्या जर्मनीच्या जवळपासही गेली नाही, कारण इथल्या मुलींना मास्तरीण होता येत होतं, पगारी नर्स होता येत होतं. याचा परिणाम फार खोलवर झाला असं माझं मत आहे. जर्मनीतली सेवा बायकांच्या बिनपगारी कष्टांवर उभी राहिली, अमेरिकेत प्रत्येक काळजी घेणाऱ्या हाताला पगार द्यावा लागला, आणि तो द्यायचा तर पैसा कुठून तरी आणायलाच हवा.

तो सरकारकडून यायला सुरुवात झाली यादवी युद्धात. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने दिलेल्या पन्नास हजार डॉलर्सच्या देणगीतून गव्हर्नर कर्टिनच्या काळात, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या मुलांना शाळा-आश्रमांत ठेवायची योजना १८६४ मध्ये निघाली, राज्य दर मुलामागे पैसे देई. पेनसिल्व्हेनियातल्याच लॉइसव्हिल गावचं ट्रेसलर अनाथालय १८६८ चं, एका बंद पडलेल्या अॅकॅडमीच्या इमारतीत, आणि तिथेही अशी सैनिकांची मुलं होती. म्हणजे डायकॉनच्या मुळाशीच चर्चची इमारत आणि सरकारचा पैसा अशी जोडी आहे. त्याच सुमाराला मिनेसोटात व्हासा गावी एरिक नोरेलियस या पाद्र्याने १८६५ मध्ये चार अनाथ स्वीडिश मुलांना चर्चच्या तळघरात ठेवून घेतलं, आजची ल्यूथरन सोशल सर्व्हिस ऑफ मिनेसोटा आपला जन्म तिथूनच मोजते. स्थलांतरितांच्या वस्त्यांत कॉलरा, बाळंतपणं, खाणीतले-कारखान्यातले अपघात, आणि काका-मामा सगळे समुद्रापलीकडे, त्यामुळे आई किंवा बाप गेला की उरलेल्या एकट्या माणसाला मूल आश्रमात ठेवण्यावाचून पर्याय नसायचा. अनाथालयातल्या कितीतरी मुलांचं एक पालक जिवंत असायचं हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण पुढची सगळी उलथापालथ त्यावरूनच झाली.

म्हातारी माणसं या चित्रात लवकरच आली. फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउनमध्ये १८५९ ला सुरू झालेल्या घराच्या नावातच पुढे अनाथ आणि वृद्ध-अपंग दोघंही होते. त्याशिवाय म्हाताऱ्या, एकट्या, गरीब माणसाला उरायचं ते काउंटीचं पुअरहाउस, म्हणजे जिल्ह्याने चालवलेलं गरिबांचं घर, तिथे वेडसर, दारूडे, आजारी सगळे एकाच छपराखाली आणि गावात नाव जाणार ते वेगळंच. चर्चच्या घरात निदान आपली भाषा, आपली प्रार्थना आणि मेल्यावर आपल्या दफनभूमीत जागा एवढं तरी होतं. पेनसिल्व्हेनियातल्या टॉप्टनचं ल्यूथरन होम १८९६ चं, तेही अनाथ मुलांसाठीच सुरू झालं आणि नंतर वृद्धांकडे वळलं.

याच पेनसिल्व्हेनियाचा भारताशीही संबंध होता. तिथल्या ल्यूथरन मंडळींनी पाठवलेले मिशनरी 'फादर' हायर १८४२ मध्ये आंध्रातल्या गुंटूरला पोचले, आणि १८८३ मध्ये डॉ. अॅना कुगलर तिकडे गेल्या. फिलाडेल्फियाच्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून कुगलर १८७९ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या त्याच कॉलेजात १८८३ मध्येच आपल्या आनंदीबाई जोशी दाखल झाल्या. एक बाई तिकडून इकडे निघाली आणि एक इकडून तिकडे गेली, एकाच वर्षात.

मग विसावं शतक. १९०९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये परिषद झाली आणि तिथे ठरलं की केवळ गरिबीमुळे मुलाला घरापासून तोडू नये. १९११ मध्ये इलिनॉयने आईला पेन्शन द्यायचा कायदा केला, पाठोपाठ बाकीची राज्यं. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा आला तेव्हा एका बाजूला मुलं सांभाळणाऱ्या गरीब कुटुंबांना मदत मिळाली म्हणून अनाथालयांकडे येणारी मुलं कमी झाली, आणि दुसऱ्या बाजूला वृद्धांना दरमहा पैसे मिळू लागले, पण सरकारी संस्थेत राहणाऱ्याला ही मदत नाही अशी अट होती, म्हणून माणसं पुअरहाउसमधून निघून खासगी आणि चर्चच्या घरांकडे वळली. एकाच कायद्याने एक दार रिकामं केलं आणि दुसरं भरलं. १९६५ मध्ये मेडिकेअर-मेडिकेड (वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी उपचाराचा खर्च देणाऱ्या सरकारी योजना) आलं आणि नर्सिंग होम हा प्रकार झपाट्याने वाढला. ट्रेसलरचं अनाथालय १९६२ मध्ये बंद झालं. पण संस्था संपली नाही, १९७० च्या दशकात यॉर्कमधून ट्रेसलरने जी मुलं कुणी दत्तक घेत नव्हतं त्यांच्यासाठी, म्हणजे मोठी झालेली, अपंग, भावंडांच्या जोडीने असलेली, यांच्यासाठी घरं शोधायचं काम घेतलं आणि दत्तक घेणाऱ्या पालकांना एकत्र बसवून तयार करायची पद्धत देशभर गाजली. मला या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं काम वाटतं, कारण मुलाला आश्रमात न ठेवता घरात पोचवायचं हे १९०९ मध्ये ठरलं खरं, पण सगळ्यात अवघड मुलांच्या बाबतीत ते करायला कुणीतरी बसावं लागलं.

१९९७ मध्ये ल्यूथरन सर्व्हिसेस इन अमेरिका ही शिखर संस्था झाली, तिच्यात ३०० च्या आसपास संस्था आहेत. कामाचा आवाका प्रचंड, आणि त्यातला मोठा पैसा मेडिकेडचा, राज्यांच्या काँट्रॅक्टचा. ते किती धोक्याचं आहे हे इलिनॉयमध्ये दिसलं. राज्याचं बजेट महिनोनमहिने अडकून पडलं, केलेल्या कामाचे साठ लाख डॉलर्सहून जास्त थकले, आणि जानेवारी २०१६ मध्ये ल्यूथरन सोशल सर्व्हिसेस ऑफ इलिनॉयला तीसहून जास्त कार्यक्रम बंद करून ७५० माणसं कमी करावी लागली. त्यात घरी जाऊन म्हाताऱ्यांना मदत करणाऱ्या बायकाही होत्या. चर्चमधल्या वर्गणीतून एवढं खिंडार भरणं शक्यच नव्हतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोशल मीडियावर अनेक ल्यूथरन संस्थांची नावं आणि त्यांना मिळालेल्या सरकारी रकमा फिरवून हा गैरव्यवहार असल्याचे आरोप झाले. त्या रकमा ठरलेल्या कामांसाठी काँट्रॅक्टने दिलेल्या होत्या, दर माणसामागे, दर सेवेमागे, आणि पेनसिल्व्हेनियात हा व्यवहार सैनिकांच्या पोरांपासून चालत आलेला आहे.