सीईटीत मायनस मार्किंग नाही राजेहो!
नागपुरात सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत दरवर्षी एकच गोष्ट फिरते, एमएचटी-सीईटीत (राज्याच्या इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेश परीक्षेत) उत्तर चुकलं की मार्क कटतात म्हणून डाऊट असला की प्रश्न सोडून द्या. काहून बे? ते जेईई मेनचं, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचं आहे, तिथं बरोबरचे 4 अन चुकलं तर 1 वजा. सीईटीत चुकलं तर शून्यच, मॅथ्सचा तर एकेक प्रश्न 2 मार्कांचा, तो कोरा सोडून काय भेटते?

पण डोळे मिटून सगळीकडे 'सी' मारायचं असंही नाही. लोलकाचा आवर्तकाळ (एका झोक्याला लागणारा वेळ) विचारला तर आधी युनिट पाहा, उत्तर सेकंदात यायला पाहिजे, अन 'जी भागिले एल'च्या (गुरुत्व त्वरण भागिले लांबी) वर्गमूळाचं युनिट 'एक भागिले सेकंद' येते, म्हणजे ते ऑप्शन तिथंच बाद, मग उरलेल्या दोनात मारा तुक्का. मॉक देतानाही असंच करा, कोरं काहीच ठेवू नका.