निरोप की हुकूम?

एक स्पेस जास्त पडली, एवढंच झालं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही ट्रेकवाली मंडळी आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीवर भेटायचो. तिथे आपलं टोपणनाव राखून ठेवायचं, तर दरवेळी आत आल्यावर पासवर्डची एक कमांड द्यावी लागायची. ती मी एका फाइलमध्ये लिहून ठेवली होती. तिथून उचलली, चॅटच्या चौकटीत चिकटवली, एंटर दाबलं. उचलताना कमांडच्या आधीची एक मोकळी जागाही सोबत आली होती. प्रोग्रॅमने ओळीचं पहिलं चिन्ह पाहिलं. तिथे स्लॅश हवा होता, होती स्पेस. म्हणजे हे बोलणंच, असं धरून त्याने अख्खी ओळ पासवर्डसकट खोलीतल्या तीसेक जणांसमोर मांडली. "पासवर्ड बदल, आधी बदल!" असं दोघांनी एकदमच लिहिलं. बदलला. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. टाइप केलेली ओळ दुसऱ्या माणसासाठी आहे की खुद्द प्रोग्रॅमसाठी, हे तो ओळखतो कसा?

आई मावशीशी फोनवर बोलत असते. मध्येच रिसीव्हरवर तळहात ठेवते आणि आपल्याला म्हणते, "अगं, दूध उतू जातंय, बघ." हात काढला की मावशीशी बोलणं पुढे सुरू. चॅटमधली तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, हा तो तळहात. टाइप करायची चौकट एकच असते आणि ऐकणारे दोन: पलीकडचा माणूस आणि अलीकडचा प्रोग्रॅम. तळहात नीट बसला नाही, की घरातलं बोलणं मावशीला ऐकू जातं.

चॅटमध्ये हा तळहात रुळला तो आयआरसीमुळे. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ऑगस्ट १९८८ मध्ये ही पद्धत लिहिली. पडद्यावर अक्षरं सरकत राहायची आणि तळाशी टाइप करायला एक ओळ. खोलीत शिरायचं, नाव बदलायचं, त्रास देणाऱ्याला हाकलायचं, गप्पा मारायच्या, सगळं त्या एका ओळीतून. ओळ स्लॅशने सुरू झाली तर हुकूम, नाहीतर निरोप. वाक्याची सुरुवात स्लॅशने करायची वेळ माणसावर क्वचितच येते, म्हणून ही खूण इतकी वर्षं निभावली. इंग्रजी कीबोर्डवर ती एका बोटाने उमटते. फिनिश कीबोर्डवर मात्र शिफ्ट धरून ७ची कळ दाबावी लागते.

आता एक ओळ जवळून बघू. (कमांड्स रोमन अक्षरांत टाइप होतात, इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.)

/एमएसजी सविता उद्या सकाळी सहाला कर्जत स्टेशन

प्रोग्रॅम आधी रेघ बाजूला काढतो. मग पहिल्या स्पेसपर्यंतचा तुकडा तोडतो: एमएसजी. हा शब्द त्याच्याकडच्या कमांड्सच्या यादीत आहे का? आहे. एकाच व्यक्तीला खासगी निरोप देण्याची ही कमांड. तिला काय काय लागतं? एक नाव आणि मजकूर. नाव एका शब्दाचं, म्हणून पुढच्या स्पेसपर्यंत आणखी एक तुकडा: सविता. आणि मजकूर? त्यात पाच शब्द आहेत, चार स्पेस आहेत. इथेही स्पेस दिसेल तिथे तोडत बसलं, तर सविताला नुसतं "उद्या" मिळेल आणि बाकीचं हवेत जाईल. तेव्हा तोडायचं कुठे हे सोपं, तोडणं थांबवायचं कुठे ही खरी मेख. टोपणनावात स्पेस चालत नाही, हा आयआरसीचा नियम याच गरजेतून येतो.

पिजिन या मोफत चॅट प्रोग्रॅममध्ये ही मेख मला आवडेल अशी सोडवलेली आहे. मार्क स्पेन्सर याने १९९८ मध्ये तो 'गेम' या नावाने सुरू केला, २००७ मध्ये त्याचं नाव पिजिन झालं. याहू, एमएसएन, जॅबर, आयआरसी अशा एकमेकांशी न बोलणाऱ्या सेवा तो एकाच खिडकीत आणायचा, त्यामुळे कमांड्सचा प्रश्न त्याच्यापुढे चौपट होता. पिजिनमध्ये नवी कमांड नोंदवताना प्रोग्रॅमर सोबत एक इवलासा संकेत देतो. डब्ल्यू म्हणजे एक शब्द, एस म्हणजे उरलेलं सगळं जसंच्या तसं. 'डब्ल्यूएस' असं लिहिलं की वरच्या ओळीची वाटणी आपोआप होते: एक शब्द सविताच्या नावाचा, उरलेला निरोप. कमांड गटात चालते की दोघांच्या गप्पांत, आणि कोणत्या सेवेवर चालते, हेही तिथेच नोंदवतात.

याचा फायदा चूक झाल्यावर कळतो. कमांड सापडलीच नाही, ही एक चूक. सापडली, पण सोबतचे शब्द कमी-जास्त पडले, ही दुसरी. सगळं बरोबर, पण गटातली कमांड दोघांच्या गप्पांत दिली, ही तिसरी. पिजिन या प्रत्येकीला वेगळं उत्तर देतो. आयआरसीच्या सर्व्हरकडेही, म्हणजे सगळ्यांचे निरोप पोचवणाऱ्या मधल्या संगणकाकडेही, अशा उत्तरांचे ठरलेले आकडे आहेत: ४२१ म्हणजे अशी कमांड नाही, ४६१ म्हणजे लागेल तेवढी माहिती दिली नाही, ४३३ म्हणजे हे टोपणनाव दुसऱ्याने घेतलं आहे. सगळ्यावर एकच "काहीतरी चुकलं" असं उत्तर देणारे प्रोग्रॅम अजूनही भेटतात. त्याने नवख्या माणसाचा धीर सुटतो. नेमकं काय चुकलं ते सांगितलं, तर पुढच्या खेपेला जमतं.

पण सगळ्यात अवघड निवाडा न सापडलेल्या कमांडचा. लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणारे दिवसभर फाइलींचे पत्ते लिहीत असतात आणि ते पत्ते स्लॅशनेच सुरू होतात. मित्राला सांगायला कोणी "/यूएसआर/बिन मध्ये बघ" असं लिहिलं, तर ही कमांड नाही. पिजिनमध्ये यासाठी एक साधी, समजूतदार युक्ती आहे. ज्या सेवांवर स्लॅशच्या कमांड्स मुळातच असतात, म्हणजे आयआरसीसारख्या, तिथे अनोळखी कमांड आली की पिजिन तिच्या पहिल्या शब्दात आणखी एक स्लॅश शोधतो. सापडला, तर माणसाला बोलायचंच असणार, निरोप पाठवून दे. नाही सापडला, तर "अनोळखी कमांड" असं सांगून ओळ घरातच ठेव. इतर सेवांवर मात्र अनोळखी कमांड सरळ निरोप म्हणून पलीकडे जाते.

हे शेवटचं मला पटत नाही. अडकून राहिलेला निरोप पुन्हा एंटर दाबून पाठवता येतो, बाहेर पडलेला पासवर्ड परत बोलावता येत नाही. दोन चुकांची किंमत सारखी नसेल, तर शंका आली की थांबावं आणि विचारावं. ओळीच्या सुरुवातीला स्पेस आणि लगेच स्लॅश दिसला, तर "हे सगळ्यांना पाठवू का?" एवढं विचारायला प्रोग्रॅमला काही कष्ट पडत नाहीत. माझे मात्र वाचले असते.

हुकूम कळला, वाटणी झाली, की ओळ सर्व्हरकडे निघते, पण वेगळ्या कपड्यांत. सविताचा निरोप तारेवर जातो तेव्हा 'एमएसजी'च्या जागी 'प्रिव्हएमएसजी' येतं आणि मजकुरापुढे एक विसर्गासारखं चिन्ह, कोलन. त्याचा अर्थ: इथून पुढे स्पेसवर तोडू नका. मघाचा 'एस' इथे कोलन होऊन भेटतो. मे १९९३ मध्ये ओइकारिनेन आणि डॅरन रीड यांनी हे नियम 'आरएफसी १४५९' या दस्तऐवजात लिहून काढले. त्यात एका ओळीला ५१२ बाइट्सची हद्द आहे (बाइट हे मजकूर मोजायचं माप, साधं इंग्रजी अक्षर एका बाइटचं), ओळ संपल्याच्या दोन खुणा धरून.

प्रत्येक हुकूम सर्व्हरकडे जातोच असं नाही. पडदा पुसण्याची कमांड घरच्या घरी संपते. आणि '/मी'ची (इंग्रजी 'एम' आणि 'ई') गंमत तर औरच. "/मी चहा ठेवते" असं लिहिलं, की पडद्यावर लिहिणाऱ्याचं नाव पुढे लागून ती एक कृती म्हणून दिसते. आयआरसीवर याचं रूपांतर पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम करतो, न दिसणाऱ्या नियंत्रण-चिन्हांमध्ये गुंडाळून. जॅबरच्या पद्धतीत मात्र ती अक्षरं उघडीच पलीकडे जातात आणि रूपांतर करायचं ते वाचणाऱ्याच्या प्रोग्रॅमने. त्याला ते येत नसेल, तर त्याला नुसतं '/मी' दिसतं. स्लॅश, दोन अक्षरं आणि स्पेस, तेच चार ठोके, आणि निवाडा करणारा वेगळ्याच टोकाला बसलेला.

आयआरसीच्या नियमांत एक विचित्र ओळ आहे: महिरपी कंस ही चौकोनी कंसांची लहान लिपीतली रूपं मानावीत. 'ए'ची मोठी आणि लहान लिपी असते तसं! कारण त्याच दस्तऐवजात दिलं आहे, या पद्धतीचा स्कँडिनेव्हियन उगम. जुन्या सात बिटांच्या फिनिश वर्णसंचात ज्या क्रमांकांवर त्यांची दोन टिंबांची आणि वर्तुळाची अक्षरं बसवली होती, त्याच क्रमांकांवर इंग्रजी संचात हे कंस होते. लिहिणाऱ्याची भाषा प्रोग्रॅममध्ये अशी मुरून राहिली. मला ही ओळ वाचताना फार बरं वाटलं होतं, आणि लगेच वाटलं, मग आपली भाषा यात कुठे आहे?

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी लिहिताना कमांड देऊन पाहा. स्लॅशच्या कळीवर तिथे 'य' आहे. स्लॅश आणि खोलीत शिरायच्या 'जॉइन' कमांडची इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं त्याच कळांवर दाबली की उमटतं "यरदगल". '/मी'चं होतं "यसा". प्रोग्रॅमला यात स्लॅश दिसत नाही, तो हे शब्द खुशाल सगळ्यांना पाठवतो. आमच्या गटात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी "यसा" म्हणायचंच. म्हणजे मराठीत बोलायचं, तर प्रत्येक हुकमासाठी कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा आणि पुन्हा मराठीवर न्यायचा.

मग ५१२ बाइट्सची हद्द. यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं, आणि चिन्ह म्हणजे मात्रा आणि हलन्तसुद्धा. 'स्टेशन' या शब्दात स, हलन्त, ट, मात्रा, श, न अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट्स. इंग्रजी स्पेलिंगला सातच लागतात. सबंध ओळीत फार तर १७० चिन्हं मावतात, त्यातही कमांड आणि नावाचा वाटा जातो. लांब निरोप आंधळेपणाने कापला तर चिन्हाच्या मधोमध कात्री बसते आणि टोकाला प्रश्नचिन्हाचा चौकट-तुकडा उरतो. चिन्हांच्या सीमेवर कापलं तरी 'स्' या ओळीत आणि 'टे' पुढच्या ओळीत असं होऊ शकतं. जोडाक्षर हे एक अक्षर आहे, ते मधून तोडू नये, हा नियम युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक संगणकीय मानकाने, मजकूर तोडण्याच्या आपल्या मूळ नियमांत घेतला तो १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली.

सगळ्यात फसवी अडचण तर दिसतही नाही. समजा गटाच्या खोलीचं नाव ठेवलं 'दऱ्याखोऱ्या'. यातला कोयरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: टिंबवाला ऱ आणि हलन्त, म्हणजे सहा बाइट्स, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह, म्हणजे नऊ. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. सर्व्हर बाइट्स जुळवतो. एकाचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेचा, दुसरीचा दुसऱ्या, आणि दोघं एकाच नावाच्या दोन रिकाम्या खोल्यांत एकमेकांची वाट बघत बसतात.

आणि कमांडच मराठीत ठेवली तर? टेलिग्राम या चॅट अॅपच्या बॉट्सना, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅम्सना, कमांडच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेखा एवढंच चालतं. डिस्कॉर्ड या दुसऱ्या चॅट अॅपचा नियम सैल आहे, कुठल्याही लिपीचं अक्षर चालतं. पण 'अक्षर' म्हणजे काय? युनिकोडच्या वर्गवारीत क, म, ह ही अक्षरं, मात्रा हा वेगळाच वर्ग. नुसती अक्षरंच चालतील असं म्हटलं, तर '/मदत' आत येते आणि '/माहिती' दारातच अडते, कारण तिच्या सहा चिन्हांपैकी तीन मात्रा आहेत. डिस्कॉर्डने कमांडच्या नावांसाठी जाहीर केलेला नियम एका ओळीचा आहे. त्यात सगळ्या भाषांची अक्षरं आणि अंक येऊन जातात, आणि त्यांच्या पुढे दोन लिप्या नाव घेऊन वेगळ्या लिहिल्या आहेत. एक थाई, दुसरी देवनागरी.