घोडे, सीरम आणि राज्याचा जमाखर्च

आरोग्य संशोधनावर सरकारने एक रुपया घातला की अर्थव्यवस्थेत इतके रुपये फिरतात, असे हिशेब अधूनमधून वाचायला मिळतात. ते फारसे मनावर घेऊ नयेत. पगार, भाडं, काचसामान यांतून पैसा फिरतोच. तसा तो मंगल कार्यालयातूनही फिरतो. संशोधनाची खरी कमाई वेगळ्याच खात्यात जमा होते आणि ती दिसायला कधीकधी दोन पिढ्या जातात.

मुंबईचंच बघा. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, लाखो लोक शहर सोडून पळाले, गिरण्यांना कामगार मिळेनात. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ मध्ये तिला हाफकीन संस्था हे नाव मिळालं. लसीमुळे जे वाचले, त्यांनी पुढे कमावलेली मजुरी कुठल्याच ताळेबंदात सापडत नाही.

धनुर्वातावरचं औषध बनवायला या संस्थेला घोडे लागत. धनुर्वाताचं सौम्य केलेलं विष घोड्याला थोडंथोडं टोचत गेलं, की त्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होतात. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, पेशी वेगळ्या करायच्या आणि उरलेला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, शुद्ध करून कुप्यांत भरायचा. सर्पदंशावरचं औषध आजही याच पद्धतीने बनतं. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे, शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकीनला जात. घोडे आपले, तर सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हाफकीनमध्ये काम शिकलेले काही शास्त्रज्ञही पुढे तिकडे गेले. ही गुंतवणूक होती, असं तेव्हा कुणाच्या फायलीत लिहिलेलं नसणार!

आता कोविडचं उदाहरण. कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू वेगळा केला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. लस बनवली हैदराबादच्या भारत बायोटेकने. ही विषाणू संस्था जिच्या अखत्यारीत येते त्या आयसीएमआरला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला) विक्रीवर स्वामित्वधन मिळालं, पण कारखाना, नोकऱ्या, पुरवठादार मुख्यतः तेलंगणातले. कोव्हिशील्डचं नेमकं उलट: संशोधन ऑक्सफर्डचं, आणि कोट्यवधी डोस तयार झाले पुण्यात, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे शोध लागतो तिथेच पैसा मुरतो, असं नाही. मोठमोठ्या टाक्यांत पेशी वाढवणारी, एकही जंतू आत न शिरू देता हजारो कुप्या भरणारी, प्रत्येक बॅचचे कागद चोख ठेवणारी माणसं जिथे आधीपासून असतात, तिथे तो येतो. अशी माणसं एका अर्थसंकल्पात तयार होत नाहीत. हडपसरला ती १९६६ पासून घडत होती, आणि त्याच्याही आधी परळला.