कॅरोलिन कीन या नावाची मालकी

मराठीत टोपणनाव ही लेखकाची स्वतःची वस्तू असते. गडकऱ्यांनी कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ हे नाव घेतले, शिरवाडकरांनी ‘कुसुमाग्रज’, जयवंत दळवींनी आपल्या सदरासाठी ‘ठणठणपाळ’. यांपैकी प्रत्येक नावामागे एकच माणूस होता आणि ते दुसऱ्या कोणी वापरावे हे कोणाच्या मनातही आले नसते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांच्या पुस्तकमालांसाठी जी नावे घडवली गेली, त्यांची जात मुळातच वेगळी होती. मुंबई-पुण्याच्या वाचनालयांतून नॅन्सी ड्रू आणि हार्डी बॉइज या किशोरवयीन गुप्तहेरांची पुस्तके आणून वाचलेल्यांना कॅरोलिन कीन आणि फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन ही नावे चांगली आठवत असतील. या नावांची माणसे कधीच नव्हती. नावे एका संस्थेच्या मालकीची होती आणि लिहिणारे हात बदलत राहिले.

ही संस्था म्हणजे स्ट्रेटमायर सिंडिकेट. तिचे संस्थापक एडवर्ड स्ट्रेटमायर यांचा जन्म १८६२ मध्ये न्यू जर्सीतील एलिझाबेथ या गावी, जर्मनीतून आलेल्या कुटुंबात झाला. घरच्या तंबाखूच्या दुकानात पुड्या बांधायला ठेवलेल्या तपकिरी कागदावर त्यांनी पहिली गोष्ट लिहिली आणि फिलाडेल्फियाच्या एका मुलांच्या साप्ताहिकाने ती ७५ डॉलरला घेतली, अशी हकीकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. पुढे न्यूयॉर्कच्या स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेत काम करताना त्यांनी स्वस्त कथांचा व्यवहार जवळून पाहिला. तेथे निक कार्टर या गुप्तहेराच्या कथा अनेक लेखक मिळून लिहीत असत आणि वाचकाला त्याचा पत्ता नसे. होरॅशिओ अल्जर हे त्या काळचे अतिशय लोकप्रिय मुलांचे लेखक १८९९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या नावावर पुढे निघालेली काही पुस्तकेही स्ट्रेटमायर यांनीच लिहिली. लेखक गेला तरी नाव विकले जाते, हा धडा त्यांना प्रत्यक्ष कामातून मिळाला होता, आणि पुढची सारी रचना त्यावरच उभी राहिली असे मला वाटते.

त्याच १८९९ साली त्यांनी आर्थर एम. विनफिल्ड या नावाने रोव्हर बॉइज ही माला सुरू केली. ती इतकी चालली की एका माणसाच्या हातून मागणी पुरी होणे शक्य नव्हते. मग १९०५ च्या सुमारास सिंडिकेट आकाराला आले. त्याची कामाची पद्धत अशी: मालेची कल्पना, पात्रांची नावे आणि प्रत्येक पुस्तकाचा दोन-तीन पानांचा आराखडा स्ट्रेटमायर तयार करत, तो एखाद्या गरजू पत्रकाराकडे किंवा लेखकाकडे जाई, लेखक महिन्याभरात सुमारे दोनशे पानांचे हस्तलिखित परत पाठवी, त्यावर स्ट्रेटमायर स्वतः हात फिरवत आणि पुस्तक प्रकाशकाकडे जाई. प्रत्येक प्रकरणाचा शेवट वाचकाला अडकवून ठेवणारा असावा, आरंभी आधीच्या भागांचा उल्लेख यावा आणि शेवटी पुढच्या भागाची वर्दी द्यावी, असे दंडक ठरलेले होते. नव्या मालेचे पहिले तीन भाग एकदम बाजारात आणायचे, म्हणजे ती उचलली जाते की नाही ते लगेच कळते, हीही त्यांचीच युक्ती. १९०६ मध्ये मोटर बॉइज या मालेची किंमत त्यांनी प्रकाशकाच्या गळी उतरवून अवघे ५० सेंट ठेवली. एवढ्या किमतीत मूल स्वतःच्या खाऊच्या पैशांतून पुस्तक घेऊ शकत होते, आणि नफा आता खपाच्या आकड्यावर अवलंबून राहिला.

खपाच्या या गणितात सामाईक टोपणनाव अपरिहार्य होते. दुकानातल्या फळीवर वीस पुस्तके एका नावाखाली उभी राहिली तर एकविसावे आपोआप विकले जाई. लेखक आजारी पडला, भांडून निघून गेला किंवा जास्त पैसे मागू लागला, तरी माला थांबत नसे. हॉवर्ड गॅरिस आणि त्यांच्या पत्नी लिलियन हे या व्यवस्थेचे फार मोठे आधार होते. टॉम स्विफ्टची १९१० पासून निघालेली सुरुवातीची पुस्तके हॉवर्ड यांनी व्हिक्टर ॲपलटन या नावाने लिहिली, तर बॉबसी ट्विन्स मालेच्या लॉरा ली होप या नावामागे दोघांचेही हात होते. स्त्रीच्या नावाने पुरुषाने लिहिणे येथे नित्याचेच होते.

ग्रंथपालांना ही पुस्तके आवडत नसत. अमेरिकन बॉय स्काउट्सचे मुख्य ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ मध्ये त्यांच्यावर कडाडून टीका करणारा लेख लिहिला. पुस्तकांचा खप मात्र चालूच राहिला.

व्यवस्थेचे खरे मर्म लेखकाशी होणाऱ्या करारात आहे. लेखकाला ठरीव रक्कम एकदाच मिळे. त्या बदल्यात तो हस्तलिखितावरचे सर्व हक्क सोडून देई, ते टोपणनाव अन्यत्र वापरणार नाही असे मान्य करी आणि आपण ते पुस्तक लिहिले हे कोणाला सांगणार नाही असे वचन देई. हार्डी बॉइज मालेची पहिली पुस्तके लिहिणारे लेस्ली मॅकफार्लेन हे कॅनडाचे पत्रकार. मॅसॅच्युसेट्समधील एका दैनिकात असताना १९२६ मध्ये त्यांनी एका जाहिरातीला उत्तर दिले आणि या कामात आले. पुढे नोकरी सोडून ते ओंटॅरिओत तळ्याकाठच्या केबिनमध्ये राहून लिहू लागले. १९२७ मध्ये माला निघाली तेव्हा त्यांना पुस्तकामागे १२५ डॉलर मिळत. मंदीच्या वर्षांत ते ८५ वर आले. आराखडा दुसऱ्याचा असला तरी लेखनात त्यांनी जीव ओतला. हार्डी बंधूंच्या घरची भरगच्च जेवणे आणि गावातले वेंधळे पोलीस ही त्यांची देणगी. पोलिसांची अशी थट्टा मुलांना कायद्याचा अनादर शिकवील, अशी समज सिंडिकेटकडून त्यांना मिळाली होती. आपला मुलगा वाचतो ती पुस्तके आपणच लिहिली आहेत, हे त्यांनी घरातही कित्येक वर्षे बोलून दाखवले नव्हते. ही सारी कहाणी त्यांनी अखेर १९७६ मध्ये आत्मचरित्रात सांगितली. पुढच्याच वर्षी ते वारले.

नॅन्सी ड्रूचे पहिले तीन भाग एप्रिल १९३० मध्ये निघाले आणि १० मे रोजी स्ट्रेटमायर यांचे निधन झाले. संस्थेचा कारभार हॅरिएट आणि एडना या त्यांच्या मुलींकडे आला. नॅन्सीला शब्दरूप देणाऱ्या मिल्ड्रेड ऑगस्टीन आयोवातल्या. पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी आयोवा विद्यापीठातून घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. लग्नानंतर त्यांचे आडनाव बदलत जाऊन शेवटी त्या मिल्ड्रेड बेन्सन म्हणून ओळखल्या गेल्या. मंदीत मोबदला ७५ डॉलरवर आला तेव्हा त्यांनी लिहिण्यास नकार दिला आणि आठ ते दहा हे भाग वॉल्टर कॅरिग या पत्रकाराने लिहिले. मुखपृष्ठावरचे कॅरोलिन कीन हे नाव जागचे हलले नाही. मिल्ड्रेड नंतर परतल्या. पहिल्या तीस भागांपैकी तेवीस त्यांचे आहेत.

नंतरची बरीच पुस्तके हॅरिएट ॲडम्स यांनी स्वतः लिहिली. १९५९ पासून त्यांनी जुने भाग नव्याने लिहून घ्यायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय आणि परदेशी माणसांची अपमानकारक चित्रणे काढली, पुस्तके आखूड केली. चित्रणे काढणे आवश्यकच होते, पण त्याबरोबर मूळ भाषेतला जोमही गेला, आणि ज्यांची भाषा बदलली त्यांना बोलण्याचा हक्कच नव्हता. याच काळात हॅरिएट आपणच कॅरोलिन कीन आहोत असे जाहीरपणे सांगू लागल्या. त्यांचे श्रम खरे होते. मिल्ड्रेडचे नाव मात्र त्या कथनातून पुसले गेले.

ते बाहेर आले ते वेगळ्याच वादातून. सिंडिकेटने १९७९ मध्ये नवी पुस्तके सायमन अँड शुस्टरकडे नेली आणि जुने प्रकाशक ग्रॉसेट अँड डनलॅप यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. १९८० मधील सुनावणीत मिल्ड्रेड बेन्सन साक्षीसाठी हजर झाल्या आणि पहिली पुस्तके आपण लिहिल्याची नोंद झाली. त्यांना समोर पाहून हॅरिएट यांनी, तुम्ही वारलात असे मला वाटले होते, असे उद्गार काढले. दोन वर्षांनी हॅरिएट यांचे निधन झाले आणि १९८४ मध्ये सिंडिकेट सायमन अँड शुस्टरला विकले गेले. आराखडे आणि पत्रव्यवहार न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात पोहोचल्यावर कोणत्या नावामागे कोणते हात होते याचा अभ्यास सुरू झाला, आणि १९९३ मध्ये आयोवा विद्यापीठाने नॅन्सी ड्रूवर परिषद भरवली तेव्हा मिल्ड्रेड यांचे कर्तृत्व देशभर कळले.

तेव्हा त्या ८७ वर्षांच्या होत्या आणि ओहायोतील टोलेडो येथे दैनिकात सदर लिहीत होत्या. २८ मे २००२ रोजी त्या कचेरीत काम करत असतानाच त्यांना बरे वाटेनासे झाले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्या वर्षीही नॅन्सी ड्रूची नवी पुस्तके कॅरोलिन कीन याच नावाने बाजारात येत होती.