अकारी (टेरिगोप्लिक्थिस पार्डालिस)

अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, तोंडाने खडकाला चिकटून राहणारा गोड्या पाण्यातला मार्जारमीन (कॅटफिश), कुल लोरिकारिडी. ब्राझीलच्या पारा राज्यात याला अकारी म्हणतात, मानाउसकडे बोदो. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात तो ‘प्लेको’ किंवा ‘सकर’ म्हणून मिळतो. कास्तेल्नो या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८५५ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. बिबट्यासारख्या ठिपक्यांवरून ‘पार्डालिस’ हे नाव पडले. लांबी ४० सेंमी.च्या पुढे जाते.

अंगावर खवले नसतात, हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते आणि त्यावर मागे वळलेले बारीक काटे. ओळख पटवायची ती पाठीवरच्या परावरून (फिनवरून) आणि पोटावरून. या परात १० किंवा अधिक मऊ अरा, म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्या, असतात. दिसायला जवळच्या हायपोस्टोमस या दुसऱ्या वंशात सहसा ७. पोटावर सुटे काळे ठिपके असतील तर पार्डालिस, ठिपके जुळून नागमोडी रेघा झाल्या असतील तर याच वंशातली डिसजंक्टिवस ही दुसरी जात. दक्षिण अमेरिकेबाहेर पसरलेल्या माशांत दोन्हींच्या मधले नमुने इतके आढळतात की केवळ नक्षीवर छातीठोक नाव देऊ नये.

अ‍ॅमेझॉनकाठची पूरमैदाने, म्हणजे ‘व्हार्झेआ’, हे याचे खरे घर. पाणी ओसरले की तिथली तळी उथळ होतात, तापतात आणि त्यांतला प्राणवायू घटतो. अकारी तेव्हा वर येऊन हवा गिळतो. त्याच्या जठराची भिंत पातळ व रक्तवाहिन्यांनी भरलेली असते, त्यामुळे जठरच फुफ्फुसाचे काम करते. अंग ओले राहिले तर तो पाण्याबाहेर कित्येक तास जगतो. खाणे म्हणजे शेवाळ, गाळातले सेंद्रिय कण, तळाचे बारीक जीव. नर मातीच्या काठात आडवे, किंचित उतरते बीळ खणतो, मादी त्यात चिकट अंड्यांचा पुंजका घालते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर राखण करतो.

पारा राज्यातल्या सांतारें शहराच्या बाजारात अकारी जिवंतच घेतात, कारण मेल्यावर मांस फार लवकर बिघडते. पाणी उतरलेल्या महिन्यांत मासा मुबलक मिळतो, तेव्हा त्याचे ‘पिराकुई’ करून ठेवतात. मासा चिलखतासकट भाजायचा किंवा उकडायचा, पट्ट्या व काटे काढून मांस कुस्करायचे, मीठ लावून मोठ्या कढईत मंद आचेवर सतत हलवत कोरडे होईपर्यंत परतायचे. ओलावा राहिला तर बुरशी धरते. हे पीठ नंतर वड्यांत वापरतात.

मत्स्यालयात मात्र फसगत होते. ५–७ सेंमी.चे पिल्लू ‘काच साफ करतो’ म्हणून घेतले जाते. शेवाळ संपले की त्याचे पोट खपाटीला जाते. भुकेला मासा मग रात्री गोल्डफिश किंवा डिस्कसच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो आणि त्या जखमा पिकतात. पालक, काकडी आणि बुडणारे खाद्य रोज संध्याकाळी टाकीचा दिवा मालवण्याआधी द्यावे. विष्ठा भरपूर होते, म्हणून गाळणी मोठी हवी. पूर्ण वाढलेल्या माशाला ४०० लिटरहून कमी टाकी पुरत नाही, आणि नेमका याच टप्प्यावर तो तळ्यात किंवा नदीत सोडला जातो.

मूळ घरी जगवणारे गुणच बाहेर घातक ठरतात. प्रदूषित पाण्यात इतर मासे गुदमरतात, हा टिकतो. बिळांनी काठ पोखरून ढासळतात. मेक्सिकोच्या इन्फिएर्निलो जलाशयात या वंशातल्या माशांनी तिलापियाच्या मासेमारीला मोठा फटका दिला. महाराष्ट्रात भीमेवरच्या उजनी जलाशयात सकर जाळ्यात येतो. त्याला भाव नाही आणि काट्यांनी जाळे फाटते. मासा शेपटीकडून मागे ओढला तर मागे वळलेले काटे धाग्यात आणखी रुततात. त्याला डोक्याच्या दिशेने पुढे ढकलत काढावे. पाठीचा व छातीजवळचा काटा ताठ अडकला असेल तर तेवढाच फास कापावा. काढलेला सकर काठावर टाकून निघून गेल्यास तो मेला असे धरू नये. कित्येक तासांनंतरही तो घसरत पाण्यात परततो.