पिशवीच्या तोंडाची सूज आणि कॅन्सरपूर्व बदल: कागद एक, दुखणी दोन

शिबिरातून पॅप तपासणीचा, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट येतो. त्यावर 'मॉडरेट इन्फ्लमेशन' (मध्यम सूज) असतं, कुणाच्या 'कॅन्डिडा', कुणाच्या 'ट्रायकोमोनास' अशी संसर्गाची नावं. तपासणी कर्करोगाची, म्हणून घरातले तो कागद कर्करोगाचाच धरतात. "पिशवीच्या तोंडाला सूज आलीय, पुढं कॅन्सर होईल" हे वाक्य मराठवाड्यातल्या कितीतरी बायकांनी ऐकलेलं आहे. त्याचा पहिला अर्धा भाग बऱ्याचदा खरा असतो. दुसरा त्यातून निघत नाही.

रिपोर्टमध्ये आधी 'निगेटिव्ह फॉर इंट्राएपिथेलियल लिजन ऑर मॅलिग्नन्सी' ही ओळ शोधा. काही लॅब नुसतं 'एनआयएलएम' छापतात. ही ओळ असली की कॅन्सर दिसलेला नाही आणि कॅन्सरपूर्व बदलही दिसलेला नाही. सूज, जंतू, तांबी बसवलेल्या बायकांत कधी सापडणारा अ‍ॅक्टिनोमायसिस, हे सगळं पॅपचा रिपोर्ट लिहिण्याच्या बेथेस्डा पद्धतीत याच ओळीखाली येतं. बिघडलेल्या पेशींची नोंद वेगळ्या नावांनी होते: 'एएससी-यूएस' (संशयास्पद), 'एलएसआयएल' (सौम्य बदल), 'एचएसआयएल' (जास्त बदल). यांतलं काही छापलेलं असेल तर तो वेगळा रस्ता. पुढे एचपीव्ही या विषाणूची चाचणी, कॉल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड बघणं, गरज पडली तर तुकडा काढून तपासणं.

संसर्ग असतो तेव्हा अंग बोलतं. कॅन्डिडा म्हणजे बुरशी: दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जातं आणि खाज झोपू देत नाही. ती पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर एकदा बघून घ्यावी. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये खाज फारशी नसते, पण पातळ, राखट स्राव आणि माशासारखा वास. योनीतले चांगले जंतू कमी होऊन दुसरेच माजतात, एवढंच ते आहे. ट्रायकोमोनास मात्र संबंधातून येतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असतो, आणि गोळ्या नवऱ्यालाही घ्याव्या लागतात. इथे घोडं अडतं. बाई कोर्स पुरा करते, तो "मला काय झालंय?" म्हणतो, आणि महिन्याभरात दुखणं परत दारात.

एक गोष्ट डॉक्टरांकडूनही घाईत राहून जाते. पॅप ही कॅन्सरसाठीची तपासणी आहे, संसर्ग त्यात ओघाने दिसतो. काही त्रास नसताना नुसती कॅन्डिडा दिसली तर औषध लागतंच असं नाही. ट्रायकोमोनास दिसला तर त्रास नसला तरी औषध घ्यायचं. त्रास असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे अशा संसर्गांच्या सरकारी दवाखान्यात, धुपणीसाठीचं (पांढरं जाण्यावरचं) औषध फुकट मिळतं. हिरव्या पाकिटात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं.

आता दुसरी बाजू. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो, त्यातही १६ आणि १८ हे दोन प्रकार साधारण ७० टक्के रुग्णांत. खरा घोटाळा इथेच होतो, कारण एचपीव्ही हाही संसर्गच आहे. पण त्याने ना खाज येते, ना वास, ना धुपणी. गोळीने तो जात नाही. बहुतेक बायकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात चिकटून राहतो त्यांच्या पेशी हळूहळू बदलतात, आणि त्यातून कॅन्सर व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असून उपचार नसतील तर ५ ते १० वर्षांतही होतो. योनीतले जंतू बिघडलेले असतील तर एचपीव्ही जास्त काळ टिकतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण एचपीव्हीशिवाय नुसत्या सुजेने हा कॅन्सर होत नाही.

तेव्हा जे दुखणं बाईला हैराण करतं ते बहुतेक वेळा साधं निघतं. आणि ज्याची भीती बाळगायला हवी ते वर्षानुवर्षं गप्प असतं. "मला काहीच होत नाही, मग तपासणी कशाला?" याचं उत्तर यातच आहे.

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पॅपऐवजी बहुधा 'व्हीआयए' करतात, ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी, पाच वर्षांतून एकदा. सिस्टर पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबतात. कॅन्सरपूर्व भाग दाट पांढरा होतो, त्याची कड स्पष्ट असते आणि तो दोन प्रकारच्या पेशी जिथे मिळतात त्या रेषेला चिकटलेला असतो. सुजेमुळेही पांढरेपणा येतो, पण फिकट, विस्कळीत, कड न कळणारा. अनुभवी नजरेलाही कधी फसवतो. म्हणून जोराचा संसर्ग असला की आधी औषध द्यायचं आणि मग पुन्हा बघायचं. पॅपचंही तसंच. स्लाइडवर पू आणि रक्त इतकं की पेशीच दिसत नाहीत, असं झालं तर रिपोर्ट 'अनसॅटिसफॅक्टरी' येतो आणि दोन ते चार महिन्यांनी नमुना पुन्हा द्यावा लागतो. हा दुसरा नमुनाच बुडतो. गोळ्यांनी बरं वाटलं, त्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, ऊसतोडीची टोळी निघाली.

ही दोन दुखणी एक धरली तर काय होतं, ते बीड जिल्ह्याने बघितलं आहे. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याच्या प्रकरणात २०१९मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं अनेक होती: पाळीत बुडणारी मजुरी, आगाऊ घेतलेल्या पैशांची म्हणजे उचलीची फेड, उसाच्या फडात ना संडास ना पाणी. पण पांढरं जाण्याची तक्रार आणि त्यावर घातलेली कॅन्सरची भीती ही त्यातली मोठी. यात सगळ्यात वाईट हे, की कॅन्डिडा, बॅक्टेरियल व्हजायनोसिस, ट्रायकोमोनास हे आजार योनीचे. पिशवी गेली तरी योनी तिथेच असते, आणि धुपणी चालूच राहू शकते.

शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात याच भीतीवरचं दुसरं उत्तर शोधलं गेलं होतं. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास केला. काहींची एचपीव्ही चाचणी, काहींची पॅप, काहींची व्हीआयए, तर एका गटात नेहमीचीच सेवा. २००९मध्ये निकाल छापून आले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. तुळजापूर-कळंबकडच्या या जिल्ह्यातल्या बायकांच्या नमुन्यांवरून जगाने धडा घेतला. देशात मात्र पुढे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांनी ही तपासणी कधी केलेली होती.

कुणी पिशवी काढायला सांगितलं आणि कारण 'कॅन्सर होईल' असं दिलं, तर तुकडा तपासल्याचा लेखी रिपोर्ट मागावा. कॅन्सरपूर्व बदल खरोखर असले तरी बहुतेकदा तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो, पिशवी जागेवर राहते. आणि संबंधानंतर रक्त येत असेल, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसत असेल, किंवा रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी जात असेल, तर गोळ्यांचा कोर्स संपायची वाट बघू नये. पिशवीच्या तोंडावर गाठ किंवा जखम डोळ्यांनी दिसत असेल तर जुना पॅप 'निगेटिव्ह' असला तरी त्याचा उपयोग नाही, तिथे थेट तुकडाच काढून तपासतात.