एक्झॉस्ट फॅन (बेळगावकडच्या फ्लॅटांमधला वापर)

एक्झॉस्ट फॅन म्हणजे घरातली हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या अपार्टमेंटमध्ये तो सहसा दोनच जागी दिसतो, बाथरूमला सहा इंची आणि किचनला नऊ इंची, आता बऱ्याच किचनमध्ये चिमणीपण असते. हॉल-बेडरूमला खिडकी हेच व्हेंटिलेशन. स्प्लिट एसी घरातलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी आणत नाही, हे लोकांना सांगूनही पटत नाही.

कौलारू घरात धूर कौलांच्या फटीतून आपोआप जायचा, फ्लॅटमध्ये डोक्यावर स्लॅब आणि स्लॅबवर दुसऱ्याचा संसार, मग मशीन लागणारच. पण बटण दाबतात कधी, तर मिरचीची फोडणी करपून घरभर ठसका उठल्यावर. बाथरूमचा तर अंघोळ झाली की लगेच बंद, लाईटबिल वाढतंय म्हणून. सहा इंची फॅन साधारण ३०-४० वॅटचा, रोज तासभर चालला तरी महिन्याला एखादं युनिट, आणि भिंती वाळायला अंघोळीनंतरच पंधरा-वीस मिनिटं तो चालू ठेवावा लागतो, नाहीतर कोपऱ्यात काळी बुरशी ठरलेली.

खरी गंमत पावसाळ्यात. अथणीकडं कोरडं असतं, त्यांना एवढं जाणवत नाही, पण बेळगाव-खानापूरला जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे कुबट, आणि सगळं बंद करून फॅन लावला तर तो ओढणार कुठून? मग मोरीच्या जाळीतून गटारीचा वास, नाहीतर डक्टमधून, म्हणजे बिल्डिंगच्या उभ्या पोकळीतून, खालच्या मजल्यावरच्या बांगड्याचा. दाराखाली बोटभर फट किंवा खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. पेपरचा तुकडा जाळीला धरायचा, चिकटून राहिला तर फॅन ओढतोय, गळून पडला तर नुसता आवाज.

बाहेर पाईप न काढलेली चिमणी तेल-वास थोडा गाळते, वाफ घरातच राहते. गॅस गिझरवाल्या बंद बाथरूममध्ये मामला जिवाचा, गिझरच्या जाळातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, म्हणून तो गिझर बाथरूमबाहेरच पाहिजे. सिलेंडर लीक झाला तर मात्र फॅनचं बटण अजिबात दाबायचं नाही, ठिणगी उडते, खिडक्या-दारं उघडायची.

वरच्या मजल्यांवर वारं उलटं आत घुसतं, त्यासाठी फॅनला बाहेरून झडप असते. ती तेलानं चिकटून उघडीच राहते आणि कबुतर आत घरटं करतं, आमच्याकडं त्यापायी पिल्लं उडेपर्यंत महिनाभर फॅन बंद होता.